ड्राइव्ह सारखा गायब होतोय? नवीन डिस्क घ्यायच्या आधी जोडणी तपासा : आयडीई, साटा आणि एम.२

त्रास असा आहे बघा. कॉम्प्युटर चालू आहे, काम चाललंय, आणि एकदम डी ड्राइव्ह गायब. फाइल उघडत नाही, फोल्डरवर क्लिक केलं की गोल फिरत राहतं, डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर तिथेही नाही. रीस्टार्ट केलं की कधी येतो कधी येत नाही, मग कॅबिनेट उघडायचं, वायर दाबून बसवायची, की आला परत, आणि मग आठ-दहा दिवस इतकं छान चालतं की वाटतं सुटलं एकदाचं, आणि पुन्हा तेच. माझ्या डेस्कटॉपवर हे जवळजवळ चार महिने चाललं होतं. डिस्कच जायला आलीये असं धरून मी नवीन हार्ड डिस्क आणली, रात्रभर बसून सगळा डेटा हलवला, जुनी काढून ठेवली, आणि बाराव्या दिवशी नवीन डिस्कपण तशीच गायब झाली.

दोन वेगळ्या डिस्क आणि दुखणं एकच. मग दोघींमध्ये सारखं काय होतं? डेटा केबल, मदरबोर्डवरचा पोर्ट आणि पॉवरची वायर, बस एवढंच. आणि चार महिन्यांत मी या तिघांपैकी एकाकडेही नीट बघितलं नव्हतं, प्रत्येक वेळी नुसती वायर दाबून मोकळा. आयडीई, साटा आणि एम.२ या ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायच्या तीन पिढ्या. तेव्हापासून जुन्या आयडीईवाल्या मशीनपासून आत्ताच्या एनव्हीएमईपर्यंत (एम.२ आकारातली वेगवान एसएसडी) बरेच असे गायब होणारे ड्राइव्ह हाताखालून गेले आणि एक गोष्ट पक्की झाली की "ड्राइव्ह दिसत नाही" हे लक्षण तिन्ही पिढ्यांत तेच असतं पण बिघाडाची जागा प्रत्येक पिढीत वेगळी असते. आयडीईत ती बहुतेक वेळा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) आणि पट्टीच्या केबलमध्ये सापडते, साटामध्ये केबल, पॉवर आणि बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डमधल्या प्रोग्रॅमच्या) मोडमध्ये, आणि एम.२ मध्ये तर स्लॉट आणि कार्ड एकमेकांची भाषाच बोलत नसतात. म्हणून आधी आपली जोडणी कुठली ते ओळखायचं.

त्याआधी डेटाचं. ड्राइव्ह आत्ता दिसत असेल तर हे वाचायचं थांबवा आणि महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे कॉपी करून या, खरंच. आणि तो परत आल्यावर विंडोज जर म्हणालं की डिस्क फॉरमॅट करायची गरज आहे किंवा डिस्क इनिशियलाइज करा, तर कॅन्सल दाबा. घाईत तिथे ओके दाबून चांगल्या डिस्कवरचा डेटा अडचणीत आलेला मी बघितलाय, बिघाड केबलचा होता.

पहिला प्रश्न एकच : बायोसमध्ये दिसतो का?

मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि ड्राइव्हचं नाव तिथे आहे का बघा. यावरून अर्धी वाट ठरते. बायोसलाच दिसत नसेल तर विंडोजमध्ये ड्रायव्हर टाकून, अपडेट करून काहीही होणार नाही, दोष पॉवर, केबल, पोर्ट, जंपर, स्लॉट किंवा खुद्द ड्राइव्हचा. बायोसमध्ये आहे पण विंडोजमध्ये नाही तर मोड, ड्रायव्हर, पार्टिशन किंवा साधं ड्राइव्ह लेटर नसणं. आणि दोन्हीकडे दिसतो पण चालता चालता जातो, तर केबल, पॉवर, वीज वाचवायच्या सेटिंग किंवा गरमी. हा तिसरा प्रकार सगळ्यात चिवट, कारण तपासायला बसलं की नेमकं सगळं ठीक असतं.

अजून एक खूण लक्षात ठेवा. रीस्टार्ट केल्यावर ड्राइव्ह येत नाही, पण पूर्ण शटडाउन करून मागचं बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केल्यावर येतो, असं असेल तर ड्राइव्हचा स्वतःचा कंट्रोलर (त्याला चालवणारी चिप) अडकतोय. रीस्टार्टमध्ये ड्राइव्हची वीज सहसा जातच नाही, त्यामुळे अडकलेला कंट्रोलर अडकलेलाच राहतो. एसएसडीमध्ये हे जास्त दिसतं आणि तिथे फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट आधी बघायचं.

जुनं आयडीई, म्हणजे पाटा

रुंद चपटी पट्टी, ४० पिनचा कनेक्टर, आणि पॉवरला चार पिनचा मोलेक्स ज्यात पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट आणि मधल्या दोन काळ्या. आता कोण वापरतं असं वाटेल, पण जुन्या मशीनवर चालणारी यंत्रं, जुने फोटो असलेल्या डिस्क, हे सगळं अजून घराघरात आहे आणि त्यातला डेटा काढायचा म्हटलं की इथेच गाडी अडते.

एका पट्टीवर दोन ड्राइव्ह लागतात आणि कोण पहिला कोण दुसरा हे ड्राइव्हच्या मागच्या जंपरने ठरतं, मास्टर, स्लेव्ह किंवा केबल सिलेक्ट. दोन्ही मास्टर ठेवले की दोन्ही दिसत नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे एक दिवस एक दिसतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरा. केबल सिलेक्ट ठेवायचं असेल तर ८० तारांची केबल हवी, तिच्यात रंग ठरलेले आहेत, निळा मदरबोर्डकडे, शेवटचा काळा मास्टरला, मधला करडा स्लेव्हला. एकच ड्राइव्ह असेल तर तो शेवटच्या काळ्यावरच लावा, मधल्यावर लावून शेवटचं टोक मोकळं लोंबकळत ठेवलं की त्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि चुका होतात. काही ड्राइव्हना तर एकटा असताना वेगळी जंपर सेटिंग लागते आणि स्लेव्ह सोबत असताना वेगळी, ते लेबलवर छापलेलं असतं, वाचा.

८० तारा आणि पिन मात्र ४० कशा, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. त्या जादाच्या ४० तारा सगळ्या ग्राउंडच्या आहेत, दर दोन सिग्नलच्या मध्ये एक, म्हणजे शेजारच्या तारेचा आवाज इकडे येऊ नये. ४० तारांच्या केबलवर सेकंदाला ३३ एमबीच्या पुढे जाता येत नाही, ६६, १०० आणि १३३ ला ८० तारांचीच लागते, आणि लांबीची मर्यादा १८ इंच. बाजारात यापेक्षा लांब गोल केबल दिसायच्या, त्या लावल्यावर ड्राइव्ह चालतो पण मधेच चुका करतो.

आणि विंडोज एक्सपीवर आयडीईचा ड्राइव्ह गायब न होता अचानक प्रचंड हळू झाला तर तो वेगळा प्रकार. चॅनेलवर टाइमआउट किंवा सीआरसीच्या (डेटा नीट पोचला का या तपासणीतल्या) चुका सहा जमल्या की विंडोज त्याला एकेक पायरी खाली आणतं आणि शेवटी पीआयओ मोडवर नेऊन ठेवतं, तिथे जास्तीत जास्त १६.६ एमबी आणि प्रत्येक बाइटसाठी प्रोसेसर राबतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो आयडीई चॅनेल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं की डीएमए (प्रोसेसरला न राबवता डेटा हलवायची वेगवान पद्धत) परत येतं. पण केबल बदलली नाही तर आठवड्याभरात पुन्हा खाली येणार, हे सांगायला नको.

मोठी डिस्क १३७ जीबीच दिसत असेल तर तो बिघाड नाही, जुन्या २८ बिटांच्या पत्त्याची ती हद्द आहे. ४८ बिटांचा पत्ता समजणारं बायोस आणि एक्सपीला किमान सर्व्हिस पॅक १ लागतो. तसंच पुढच्या पिढीत एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीची हद्द साधारण २.२ टीबी, म्हणून ३ टीबीची डिस्क कधीकधी फक्त ७४६ जीबी दिसते. हा आकडा दिसला की डिस्क खराब समजू नका, ड्रायव्हर किंवा यूएसबी डॉक जुना आहे. अशा स्थितीत तिच्यावर काही लिहू मात्र नका.

साटा : इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो

साटाचं पहिलं मानक २००३ चं. समांतर १६ तारांवरून एकाच क्षणी डेटा पाठवायचा म्हटलं की वेग वाढवत नेल्यावर सगळ्या तारांवरचे बिट एकाच वेळी पोचेनासे होतात, म्हणून ती वाट सोडून देऊन दोन जोड्यांवरून एकामागून एक बिट पण अतिशय वेगात पाठवायची पद्धत आली. कनेक्टर ७ पिनचा, त्यात ४ सिग्नल आणि ३ ग्राउंड, पॉवरचा वेगळा १५ पिनचा. एका केबलला एकच ड्राइव्ह, त्यामुळे मास्टर-स्लेव्हची कटकट संपली. केबलची लांबी १ मीटरपर्यंत चालते.

आता वेग. पहिलं साटा १.५ गिगाबिट, दुसरं ३, तिसरं ६. यात ८ बिटांसाठी तारेवर १० बिट जातात म्हणून ६ गिगाबिटचे ७५० नाही तर ६०० एमबी होतात आणि प्रत्यक्षात एसएसडी ५५० च्या आसपास थांबते. फिरणारी हार्ड डिस्क स्वतःच दीडशे-दोनशेच्या पुढे क्वचित जाते, तेव्हा हार्ड डिस्क साटा २ वर लावली की ३ वर याने काही बिघडत नाही, पोर्ट बदलायची धडपड तिच्यासाठी करू नका. आणि हो, "साटा ३ ची केबल" असा वेगळा प्रकार मानकात नाही, तिन्ही वेगांना केबल तीच, फरक फक्त ती नीट बनवलीये की नाही याचा.

मला उत्तर जिथे सापडलं ती जागा म्हणजे स्मार्टचा (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवतो त्या नोंदीचा) सी७ नंबर, दशमानात १९९, नाव अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये किंवा लिनक्सवर स्मार्टसीटीएलमध्ये दिसतो. ड्राइव्ह आणि मदरबोर्डच्या मधल्या रस्त्यावर डेटा बिघडला की हा आकडा वाढतो. तबकडीवर काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध नाही. तबकडीचे आकडे वेगळे आहेत, ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता येत नसलेले आणि निकालाची वाट बघणारे, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. ०५, सी५ वाढतायत तर डिस्क खरंच जातेय, बदला. ते शून्य आहेत आणि सी७ वाढतोय तर डिस्कला हात लावू नका, केबल बदला. माझ्या नव्याकोऱ्या डिस्कवर बारा दिवसांत सी७ दोनशेच्या वर गेला होता आणि बाकी सगळं शून्य. जुनी बाहेर काढून बघितली तर तिचंही तेच, ०५ शून्य, सी५ शून्य, सी७ काही हजारात. इतकी चांगली डिस्क मी मेली म्हणून बाजूला ठेवली होती याचं फार वाईट वाटलं.

एक मात्र समजून घ्या, सी७ चा आकडा कधीच कमी होत नाही. केबल बदलल्यावर तो शून्य होईल म्हणून वाट बघू नका, आजचा आकडा कागदावर तारखेसकट लिहा आणि आठवड्याने परत बघा. वाढला नाही म्हणजे दुरुस्त झालं. हे लिहून ठेवणं फार उपयोगी पडतं, कारण अधूनमधून होणाऱ्या बिघाडात "आता बरं वाटतंय" यावर विश्वास ठेवता येत नाही.

केबल बघताना नुसतं दाबून बसवू नका, तिचा रस्ता बघा. माझी केबल ड्राइव्हच्या कनेक्टरपाशी काटकोनात वाकून कॅबिनेटच्या झाकणाखाली चेपली जात होती, म्हणून झाकण उघडलं की ठीक आणि लावलं की काही दिवसांनी गायब. कडक वळण नको, सरळ टोकाऐवजी एल आकाराच्या टोकाची केबल मिळते ती लावा, आणि शक्यतो लोखंडी क्लिपवाली. जुन्या केबलला क्लिप नसते आणि पंख्याच्या थरथरीने ती मिलिमीटरभर सरकते, तेवढं पुरतं.

केबल बदलूनही वाढतोय तर पोर्ट बदला. बोर्डवर काही पोर्ट मुख्य चिपसेटचे (बोर्डच्या मूळ चिपचे) असतात आणि काही वेगळ्या छोट्या कंट्रोलरचे, बऱ्याचदा रंग वेगळा असतो, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. चिपसेटवाले वापरा. पोर्टमध्येच दोष असू शकतो का? असू शकतो, ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने स्वतः जाहीर केलं होतं की त्यांच्या ६ सिरीज चिपसेटमधले ३ गिगाबिटचे साटा पोर्ट काळानुसार खराब होत जाऊ शकतात, त्याच चिपसेटवरचे ६ गिगाबिटचे दोन पोर्ट मात्र ठीक होते. म्हणजे मशीन नवीन असताना सगळं व्यवस्थित आणि पुढे हळूहळू ड्राइव्ह चुका करायला लागणार. त्याहून जुन्या व्हीआयएच्या व्हीटी८२३७ सारख्या चिपवर उलटं दुखणं होतं, त्यांना ३ गिगाबिटचा ड्राइव्ह लावला की वेगाची बोलणी जमायचीच नाहीत आणि ड्राइव्ह अजिबात दिसायचा नाही, तेव्हा ड्राइव्हच्या मागे छोटा जंपर टाकून त्याला १.५ वर बांधावं लागायचं. जुन्या बोर्डावर नवीन डिस्क दिसत नसेल तर हे तपासा.

पॉवरकडे लोक बघतच नाहीत. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअरपर्यंत खेचते, आणि आपण एकाच वायरवर स्प्लिटर लावून, त्याला परत स्प्लिटर लावून चार डिस्क आणि पंखे जोडलेले असतात. मधेच टक असा आवाज येऊन डिस्क थांबते आणि परत फिरायला लागते असं ऐकू येत असेल तर आधी तिला वेगळ्या वायरवर घ्या. मोलेक्सवरून साटा करणारी छोटी वायर घ्यायची असेल तर प्लास्टिक ओतून बंद केलेल्या कनेक्टरची घेऊ नका. त्यात आतल्या तारा जवळ सरकून शॉर्ट होतात आणि जळाल्याची उदाहरणं आहेत. तारा एकेक दाबून बसवलेला कनेक्टर असतो तो घ्या.

आणि एक नवीन पिढीचा घोळ. साटा ३.३ पासून, म्हणजे २०१६ पासून, पॉवर कनेक्टरच्या ३ नंबरच्या पिनचा अर्थ बदलला, तिथे ३.३ व्होल्ट आले की ड्राइव्हने बंद राहायचं. जुना पॉवर सप्लाय त्या पिनवर कायम ३.३ व्होल्ट देत असतो. त्यामुळे बाहेरच्या एक्स्टर्नल बॉक्समधून काढलेली मोठी डिस्क कॅबिनेटमध्ये लावली की ती फिरतच नाही, आवाज नाही काही नाही, आणि माणूस म्हणतो डिस्क गेली. मोलेक्सवरून आलेल्या वायरमध्ये ३.३ व्होल्ट नसतातच, तिने ती लगेच चालू होते.

मोडचा प्रश्न

बायोसमध्ये साटा मोड असतो, म्हणजे ड्राइव्हशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते, आयडीई (जुनी पद्धत), एएचसीआय (साटाची स्वतःची) किंवा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची). एएचसीआयमध्ये एका वेळी ३२ आज्ञा रांगेत ठेवता येतात, केबल चालू असताना काढता-लावता येते, त्यामुळे तोच ठेवावा. पण विंडोज आयडीई मोडमध्ये टाकलेलं आहे आणि तुम्ही बायोसमध्ये एकदम एएचसीआय केलं तर निळा स्क्रीन येतो, शेवटी ७बी असलेला कोड. घाबरू नका, डेटाला काही झालेलं नाही, परत जुना मोड ठेवला की विंडोज चालू होतं. विंडोज १० मध्ये सोपा उपाय म्हणजे आधी एमएसकॉन्फिगमध्ये बूट टॅबवर सेफ बूटला टिक करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा येऊ द्या, मग टिक काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर हे करायच्या आधी रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर स्वतःच्याच मशीनबाहेर उभं राहायची वेळ येते.

बॅटरी सीएमओएसची (बायोसच्या सेटिंग लक्षात ठेवणारी) संपली असेल तर मोड आपोआप मूळ जागेवर जातो, हेही कारण असतं. घड्याळ मागे पडत असेल आणि ड्राइव्हपण दिसत नसेल तर आधी ती नाण्यासारखी बॅटरी बदला.

एम.२ : खाच जुळली म्हणून भाषा जुळली असं नाही

सगळ्यात जास्त गोंधळ आता इथे आहे आणि तो नावामुळे आहे. एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकाराच्या कार्डवर साटाची एसएसडी असू शकते किंवा पीसीआय एक्सप्रेसवरून (ग्राफिक्स कार्ड वापरतं त्याच वेगवान रस्त्यावरून) बोलणारी एनव्हीएमईची असू शकते, दोन्ही दिसायला सारख्या, दोन्ही २२ मिलिमीटर रुंद, २२८० म्हणजे २२ रुंद आणि ८० लांब. एमसाटा हा आणखी तिसरा जुना प्रकार, तो एम.२ मध्ये बसतच नाही.

खाचांवरून अंदाज येतो. एका बाजूला एकच खाच, एम की, तर बहुतेक एनव्हीएमई. दोन खाचा, बी आणि एम दोन्ही, तर बहुतेक साटा, पण दोन लेनच्या (लेन म्हणजे पीसीआय एक्सप्रेसची एक मार्गिका) काही एनव्हीएमईपण अशाच येतात, म्हणून खाचांवर पैज लावू नका, लेबल वाचा. आणि स्लॉटचं मॅन्युअल वाचा, कारण स्लॉट फक्त साटा बोलतो, फक्त पीसीआय एक्सप्रेस बोलतो की दोन्ही, हे बघून कळत नाही. साटाची एम.२ एनव्हीएमईच्याच स्लॉटमध्ये छान बसते, स्क्रू लागतो, आणि बायोसमध्ये शून्य. यूएसबीच्या बॉक्सचंही तेच, फक्त एनव्हीएमईच्या बॉक्समध्ये साटाचं कार्ड बसतं पण दिसत नाही. असं झालं की लोक कार्ड परत करतात, नवीन आणतात, तेही दिसत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे नवीन एम.२ लावली, ती दिसली, पण जुनी हार्ड डिस्क गायब. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट आणि एक-दोन साटा पोर्ट यांच्या लेन सामाईक असतात, स्लॉट भरला की ते पोर्ट बंद. कुठला स्लॉट भरल्यावर कुठले पोर्ट बंद होतात याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. डिस्क दुसऱ्या पोर्टवर लावली की काम झालं, पाच मिनिटांचं काम, पण माहीत नसलं तर दोन दिवस जातात.

लॅपटॉपवर विंडोज टाकताना एनव्हीएमई यादीतच येत नाही असं असेल तर बायोसमध्ये व्हीएमडी नावाची सेटिंग (ड्राइव्ह इंटेलच्या ड्रायव्हरमार्फत चालवणारी) बघा, इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर ती चालू असते. एकतर ती बंद करा किंवा इन्स्टॉल करताना इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्या. आधीच विंडोज असलेल्या मशीनवर ती नुसती बंद करू नका, वर मोडबद्दल सांगितलं तेच होईल.

विंडोज ७ ला मुळात एनव्हीएमई ओळखता येत नाही, वेगळे पॅच टाकावे लागतात, ८.१ पासून आतच आहे. आणि साधारण २०१४ च्या आधीच्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसच्या कार्डवर बसवून एनव्हीएमई लावली तर विंडोजमध्ये डेटा ड्राइव्ह म्हणून दिसते पण तिच्यावरून बूट होत नाही, कारण बायोसला तिची भाषा येत नाही. अशा जुन्या मशीनला माझं मत विचाराल तर साध्या अडीच इंची साटा एसएसडीवर थांबा. साटा २ च्या पोर्टवरसुद्धा २७०-२८० एमबी मिळतात आणि हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्याचा खरा फरक छोट्या छोट्या फाइल पटकन मिळण्यात आहे, तो तिथेही पूर्ण मिळतो.

आकडे बघितले तर एनव्हीएमई कुठल्या कुठे आहे, पीसीआय एक्सप्रेस ३ च्या चार लेनवर जवळजवळ ३.९ जीबी, ४ वर ७.९, ५ वर १५.८ पर्यंत. शिवाय एएचसीआयची एक रांग आणि ३२ आज्ञा, तर एनव्हीएमईच्या २०११ च्या पहिल्या मानकातच ६५ हजारांहून जास्त रांगा आणि प्रत्येकीत तेवढ्याच आज्ञा. व्हिडिओ एडिटिंग, मोठे डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन असतील तर हा फरक जाणवतो. ब्राउझर आणि ऑफिससाठी चांगली साटा आणि एनव्हीएमई यात बसल्या जागी फरक ओळखता येईल असं मला वाटत नाही.

एनव्हीएमई चालता चालता जाते तेव्हा

इथे केबल नाही, त्यामुळे सी७ पण नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडा. १२९ म्हणजे ड्राइव्हने उत्तर दिलं नाही म्हणून त्याला रीसेट केलं, १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं परत करावं लागलं, १५७ म्हणजे डिस्क अचानक निघून गेली. हे तिन्ही नंबर साटालाही लागू आहेत. वेळ नोंदवा आणि तेव्हा मशीन काय करत होतं ते आठवा.

मशीन रिकामं पडलेलं असताना किंवा स्लीपमधून उठताना जात असेल तर वीज वाचवायची सेटिंग. पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसच्या खाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट आहे ते ऑफ करा. लिनक्सवर एपीएसटी नावाची एनव्हीएमईची स्वतःची झोपायची सोय असते, कर्नल पॅरामीटरने तिची कमाल लेटन्सी शून्य केली की ती बंद होते. काही ड्राइव्ह गाढ झोपेतून उठतच नाहीत, त्यांचा हाच उपाय, मग फर्मवेअर अपडेट.

मोठी कॉपी करताना जात असेल तर गरमी. बहुतेक कंट्रोलर ७० ते ८५ अंशांच्या आसपास आधी वेग कमी करतात, त्याहून तापले तर काही सरळ बंद पडतात. हीटसिंक आहे का बघा आणि असेल तर त्याच्या पॅडवरचं पातळ प्लास्टिक काढलंय का तेही बघा, ते तसंच ठेवून हीटसिंक बसवलेला मी एकापेक्षा जास्त वेळा बघितलाय.

आणि स्क्रू. कार्ड तिरकं आत जातं आणि खाली दाबून शेवटी एका स्क्रूने धरतं, तो स्क्रू नसेल किंवा खालची बैठक चुकीच्या लांबीवर लावलेली असेल तर कार्ड गरम-थंड होताना किंचित उचललं जातं. काढा, सोन्यासारखे संपर्क कोरड्या मऊ कापडाने हलके पुसा, पूर्ण आतपर्यंत सरकवा, मग स्क्रू.

यूएसबी अडॅप्टरवर तपासताना

संशय आलेला ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर यूएसबीने लावून बघणं चांगलं, पण साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर हवाच, नुसत्या यूएसबीवर ती फिरणार नाही. आयडीईची असेल तर जंपर मास्टरवर ठेवा. आणि काही डॉक ५१२ बाइटच्या सेक्टरची डिस्क ४०९६ ची म्हणून दाखवतात, तिथे फॉरमॅट केलेली डिस्क नंतर थेट साटावर लावली की विंडोज फॉरमॅट करा म्हणतं. डेटा तसाच आहे, परत त्याच डॉकमध्ये लावा, काढून घ्या, मग थेट लावून फॉरमॅट करा.

माझ्या मशीनवर शेवटी एल टोकाची क्लिपवाली केबल आणि चिपसेटचा दुसरा पोर्ट एवढंच लागलं. दोन्ही एकदम बदलले ही माझी चूक, त्यामुळे नेमकं कशाने सुटलं ते कळायला जुनी केबल परत नव्या पोर्टवर लावून बघावी लागली. तीन दिवसांत सी७ सव्वीसने वाढला, म्हणजे केबलच. तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदला, तारीख आणि आकडा लिहा, निदान पंधरा दिवस थांबा, मग पुढची. बाजूला ठेवलेली ती जुनी डिस्क मी नंतर नव्या केबलने परत लावली, आता बॅकअपला तीच आहे, आणि तिचा सी७ लावला त्या दिवशी होता तेवढाच आहे.